अडीच फुटी रूळ आणि लष्कर

वाशीम जिल्ह्याच्या कारंजे तालुक्यात कामरगाव नावाचे गाव आहे. काळी जमीन, कापसाचे पीक आणि बाजारपेठेकडे जाणारी बैलगाड्यांची वाट, हे वऱ्हाडातील गावोगावचे चित्र कामरगावासही लागू पडते. या टापूतील माणसाला आगगाडी दोन परींची माहीत. एक मूर्तिजापुरावरून मुंबई-नागपूरकडे धडधडत जाणारी मोठी गाडी. दुसरी त्याच मूर्तिजापुराहून निघून कारंजे, दारव्हे करीत रमतगमत यवतमाळास पोहोचणारी लहान गाडी; तिला लोकांनी कौतुकाने ‘शकुंतला’ असे नाव ठेवले होते. मोठ्या गाडीच्या दोन रुळांमधील अंतर साडेपाच फूट, लहान गाडीचे अडीच फूट. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने या अडीच फुटांकडे कधी निरखून पाहिले असेल असे वाटत नाही. पाहण्याचे त्याला कारणही नव्हते. कापूस वेळेवर पोहोचला म्हणजे झाले.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला हा अडीच फुटांचा आकडा सहजासहजी सोडून देता येत नाही. वायव्य सरहद्दीवरील खिंडी, शिमल्याची टेकडी, पंढरीची वारी आणि तैग्रीस नदीच्या काठी उपासमारीने खंगलेल्या मराठी पलटणी, ही सर्व या एका आकड्याच्या धाग्यात गुंफली गेली आहेत. लष्कर आणि आगगाडी यांचा संबंध म्हटला की चिलखती गाड्या आणि रुळांवरच्या अजस्र तोफा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. त्या होत्या, आणि त्यांची हकीकत पुढे येईलच. तथापि खरा संबंध त्याहून साधा व खोल आहे. रूळ किती रुंद व किती जड असावा, तो कोठे घालावा आणि अडचण पडल्यास कोठून उपटावा, या प्रश्नांत तो दडलेला आहे.

मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली. त्यानंतर चारच दिवसांनी, २० एप्रिल रोजी, गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने हिंदुस्थानातील लोहमार्गांविषयीचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. शाळेच्या पुस्तकांत या टिपणातील व्यापाराची बाजू येते. कापूस बंदरावर जाईल, विलायती माल आत येईल, इत्यादी. पण लष्करी विचारालाही त्यात मोठे स्थान आहे. थोड्या फौजेच्या बळावर एवढा अफाट देश ताब्यात ठेवावयाचा, तर ती फौज एका टोकाहून दुसऱ्या टोकास महिन्यांऐवजी दिवसांत पोहोचली पाहिजे, हे त्याने स्वच्छ ओळखले होते. लोहमार्ग लोकांसाठी झाले की राज्यकर्त्यांसाठी, हा वाद अनेकदा रंगतो. डलहौसीच्या मनात तरी तो वाद नव्हता.

चार वर्षांतच परीक्षेची वेळ आली. १८५७ साली मुंबईचा लोहमार्ग घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीपर्यंतच पोहोचला होता. बंगालचा मार्ग हावड्याहून राणीगंजपर्यंत होता. मद्रासेहून आलेली गोरी पलटण घेऊन कर्नल नील हावड्यास उतरला, तेव्हा गाडी सुटण्याची वेळ झाली होती आणि त्याची काही माणसे मागे राहिली होती. स्टेशनमास्तराने गाडी थांबविण्यास नकार दिला. नीलने त्यालाच अटकेत ठेवले आणि आपली माणसे येईपर्यंत गाडी रोखून धरली. इंग्रजी इतिहासांत ही गोष्ट मोठ्या तोंडभर कौतुकाने सांगितलेली असते. त्या बिचाऱ्या मास्तराच्या वक्तशीरपणाचे कौतुक मात्र कोणी केलेले नाही! राणीगंजपुढे रूळ नव्हते. तेथून पुढचा प्रवास बैलांच्या गाड्यांनी करावा लागला. नेमके तेच राज्यकर्त्यांच्या मनात ठसले. बंड मोडल्यावर लोहमार्गांचे काम झपाट्याने वाढले. १८६३ साली बोरघाट चढून गेला, १८६७ साली गाडी नागपुरास लागली, आणि १८७० साली जबलपुरापाशी मुंबई व कलकत्ता ही दोन्ही टोके जोडली गेली.

या काळात सरहद्दीकडे रशियाची भीती वाढत होती. सिंधू नदीच्या खोऱ्यातील मार्ग खर्च वाचविण्यासाठी मीटर रुंदीचा ठरला असताना लष्करी आग्रहास्तव तो साडेपाच फुटांचा करण्यात आला. कारण उघड आहे. रुंदी बदलली की तेथे प्रत्येक पोते, प्रत्येक तोफ व प्रत्येक घोडा एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागतो. शांततेत याचा त्रास व्यापाऱ्याला होतो. युद्धात तो पलटणीच्या जिवावर बेततो. पुढे दुसऱ्या अफगाण युद्धाच्या वेळी, १८७९-८० साली, रुक ते सिबी हा सुमारे १३० मैलांचा मार्ग अवघ्या १०१ दिवसांत वाळवंटातून टाकला गेला. त्यापुढे बोलन व हर्नईच्या डोंगरांत काम चढणार, तोच जुलै १८८० मध्ये मैवंदची लढाई झाली आणि इंग्रजांचा सपशेल मोड झाला. त्या लढाईत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. मुंबईचे ग्रेनेडियर्स आणि जेकब रायफल्स यांचे अनेक शिपाई तेथेच पडले. विलायतेत सरकार बदलले व लोहमार्गाचे काम थांबविण्यात आले. तीन वर्षांनी तेच काम पुन्हा सुरू झाले, पण रशियाच्या कानावर जाऊ नये म्हणून त्याला नाव दिले गेले ‘हर्नई रस्ता सुधारणा’. रस्ता सुधारण्यासाठी आगगाडीचे बोगदे खणणारे सरकार त्या काळी दुसरे नसावे.

येथवरची सर्व कथा मोठ्या गाडीची झाली. लहान गाडीची कथा सुरू होते ती सोलापूर जिल्ह्यात, बार्शीस.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज एंजिनिअर १८८२ साली जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुख्य मार्गापासून दूर असलेल्या पेठांना स्वस्त गाडीने जोडले पाहिजे, हा विचार त्याच्या डोक्यात घोळू लागला. बार्शी ही धान्याची व कापसाची मोठी पेठ. मुख्य मार्गावरील बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, तेथून ती सुमारे २१ मैल. बरीच वर्षे सरकारदरबारी खेटे घालून, नोकरी सोडून आणि विलायतेत कंपनी उभारून त्याने १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. पुढे तिची एक शाखा १९०६ साली पंढरपुरास, दुसरी १९११ साली लातुरास आणि पंढरपूरची शाखा वाढून १९२७ साली मिरजेस पोहोचली. वारकऱ्यांच्या दोन पिढ्यांची पंढरी या गाडीने जवळ आणली.

कॅलथ्रॉपची कल्पना समजावून घेण्यासारखी आहे. त्यापूर्वी लहान गाडी म्हणजे मोठ्या गाडीचे खेळणे, असा समज असे. त्याने प्रश्न उलट बाजूने धरला. रूळ किती भार सोसेल हे आधी ठरवावयाचे आणि मग गाडीचा भार त्यावर समान वाटून द्यावयाचा. त्याने एका आसावर पाच टन ही मर्यादा घातली. एंजिन असो, प्रवाशांचा डबा असो वा मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये. वाघिणी पोलादी साट्याच्या, पंचवीस फूट लांबीच्या, दोन फिरत्या चौचाकींवर बसविलेल्या. त्यामुळे चार आसांवर मिळून वीस टन भार वाहून नेणारी वाघीण वाकणावरही सहज वळे. एंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यात बांधली. त्यांचे वजनही अनेक आसांवर वाटलेले. हे सर्व केल्यावर रूळ हलका चालतो. बार्शीचा रूळ वारास ३० रत्तल वजनाचा होता. म्हणजे दहा वार लांबीचा तुकडा घेतला, तर त्याचे वजन ३०० रत्तल भरेल. सहा-सात धडधाकट माणसे तो खांद्यावर घेऊन चालू लागतील.

ही शेवटची गोष्ट लष्कराच्या दृष्टीने फार मोलाची होती. गाड्या हिंदुस्थानात रवाना होण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून त्यांच्या चाचण्या घेण्यात आल्या, आणि अशा गाडीच्या लष्करी उपयोगाची बाजू कॅलथ्रॉपने आग्रहाने मांडली. फ्रेंच सैन्याने तोवर साठ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन फूट रुंदीचे, जुळवाजुळवीचे रूळ स्वीकारले होते. कॅलथ्रॉपचे म्हणणे असे की, दोन फुटांवर गाडी उभी राहते खरी, पण जड तोफ, घोडे व जखमी माणसे घेऊन भरधाव जावयाचे तर अडीच फूट पाहिजेत. दुष्काळी टापूतील धान्याच्या पोत्यांसाठी आखलेल्या गाडीने अशा रीतीने रणांगणाचा उंबरठा गाठला. याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारणाऱ्यासाठी हवाई छत्रीही तयार केली. माणसाच्या बुद्धीला एकच रूळ पुरत नाही.

सरहद्दीवर तर अडीच फुटांचा शिक्का बसलाच. नौशेरा ते दर्गई हा मलाकंडच्या पायथ्याशी जाणारा मार्ग १९०१ साली झाला, तो अडीच फुटांचा. कोहाटहून ठलकडे गेलेला मार्ग अडीच फुटांचा. सर्वांत बोलका दाखला कालका-शिमला मार्गाचा आहे. तो मुळात दोन फुटांचा ठरला होता व काही भागात तसे रूळही पडले होते. लष्करी खात्याने हरकत घेतली. राजधानीच्या व लष्कराच्या कामास दोन फूट अपुरे, शिवाय सरहद्दीवरच्या गाड्या-एंजिनांची अदलाबदल होणार नाही, असे म्हणणे पडले. नोव्हेंबर १९०१ मध्ये करार बदलला आणि टाकलेले रूळ काढून मार्ग अडीच फुटांचा करण्यात आला. सर्व लहान गाड्या एका मापाच्या असल्या की युद्ध पेटताच देशात कोठेही असलेली वाघीण, एंजिन व रूळ उचलून पाहिजे तेथे नेता येतात. एखाद्या मोठ्या घरात सर्व पेट्यांना एकच कुलूप असावे, तशी ही सोय. मात्र किल्ली कोणाच्या कनवटीस आहे, हा प्रश्न उरतो.

वऱ्हाडातील लहान मार्ग याच मापाचे झाले. किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या व्यवस्थेखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ते उभारले. मूर्तिजापुराहून एक फाटा उत्तरेस एलिचपुरास, म्हणजे अचलपुरास गेला, तो सुमारे ४७ मैल. दुसरा दक्षिणेस कारंजे, दारव्हे यांवरून यवतमाळास, सुमारे ७० मैल. पुलगाव-आर्वी ही त्यांची धाकटी बहीण. एलिचपूर हे निजामाच्या कंटिंजंट फौजेचे जुने ठाणे होते. ती फौज १९०३ साली हिंदी सैन्यात विलीन झाली, आणि आगगाडी आली ती त्यानंतर. तेव्हा हे मार्ग घातले ते कापसासाठीच, यात संशय नाही. कामरगावच्या गाड्या कारंज्यास वा मूर्तिजापुरास जात, सरकीचा व रुईचा हिशेब होई, आणि वर्ष सरे. पण रुळांचे माप लष्कराच्या यादीतले होते.

युद्धासाठी केलेल्या खास गाड्यांविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. क्रिमियाच्या युद्धात, १८५५ साली, बालाक्लावा बंदरापासून सेबास्तपोलच्या वेढ्यापर्यंत इंग्रज कंत्राटदारांनी काही आठवड्यांत लोहमार्ग टाकला. वर जाताना तोफगोळे आणि खाली येताना आजारी व जखमी, असा त्याचा क्रम होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ साली पीटर्सबर्गच्या वेढ्यात तेरा इंची उखळी तोफ उघड्या गाडीवर चढवून रुळांवरून पुढेमागे सरकविली गेली. बोअर युद्धात चिलखती गाडी आली. एंजिन मध्यभागी, त्याच्या पुढेमागे लोखंडी पत्रे ठोकलेल्या वाघिणी आणि पत्र्यांना बंदुकीसाठी भोके. दिसावयास भयंकर, पण तिचे मर्म रुळांत. शत्रूने मागच्या वळणावर चार धोंडे ठेवले की खेळ आटोपला. १५ नोव्हेंबर १८९९ रोजी चीव्हलीजवळ अशीच एक गाडी बोअर लोकांनी उलथविली आणि तीतील एक तरुण बातमीदार कैद केला. त्याचे नाव विन्स्टन चर्चिल.

याहून उपयुक्त गाड्या त्या, ज्यांची छायाचित्रे कोणी काढीत नाही. फ्रान्समध्ये मालाच्या वाघिणींवर ‘माणसे ४०, घोडे ८’ असे लिहिलेले असे. पहिल्या महायुद्धातील लक्षावधी शिपाई याच हिशेबाने आघाडीवर गेले. दारूगोळ्याच्या वाघिणी एंजिनाच्या ठिणगीपासून दूर ठेवण्यासाठी मध्ये दुसऱ्या वाघिणी जोडीत. रणगाडे आले तेव्हा ते पुलाखालून व बोगद्यातून जावेत म्हणून तळ खाली घेतलेल्या वाघिणी करण्यात आल्या. हिंदुस्थानने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘अग्नी-प्राइम’ हे क्षेपणास्त्र आगगाडीवरून सोडून पाहिले. म्हणजे ही परंपरा अद्याप संपलेली नाही. या सर्वांत रुग्णगाडीची योग्यता मोठी. तीत खाटांच्या जागी एकावर एक झोळ्या टांगलेल्या असतात, डॉक्टरला एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चालत जाता येते, आणि स्वयंपाकघर, औषधे व पाणी बरोबर असते. नुसत्या डब्यात जखमी घातले की रुग्णगाडी होत नाही. जून १९१६ मध्ये सिंधच्या उन्हाळ्यात कराचीहून निघालेल्या एका लष्करी गाडीत कित्येक गोरे शिपाई उष्माघाताने दगावले, तेव्हा सरकारला हा धडा मिळाला. पण त्याहून कठोर धडा त्याच सुमारास मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, चालू होता.

१९१४ च्या अखेरीस हिंदुस्थानातून जी फौज बसऱ्यास उतरली, तीत सहावी डिव्हिजन होती. तिचे नावच ‘पूना डिव्हिजन’. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या बाजूंच्या खेड्यांतून भरती झालेली ही माणसे. रत्नागिरीच्या शिपायाच्या गावी तर आगगाडी नव्हतीच. ती पुढे ८० वर्षांनी आली. ही फौज तैग्रीस नदीच्या काठाने वर चढत गेली. पावसात तेथे गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात भट्टी, रस्ते नाहीत. सर्व रसद नदीतून, आणि नदीत चालणाऱ्या उथळ आगबोटी थोड्या. बसऱ्यास मोठ्या जहाजांना लागण्यास धक्का नव्हता. माल उतरण्याची वाट पाहत जहाजे आठवड्यानुआठवडे उभी राहत.

आघाडीचा सेनापती निक्सन याने १९१५ च्या उन्हाळ्यात बसऱ्यापासून नासिरियेपर्यंत हलका लोहमार्ग मागितला. त्या वर्षाच्या अखेरीस हिंदुस्थान सरकारचा नकार गेला. कारण खर्चाचे! ज्या देशात बार्शी लाइट रेल्वे १८ वर्षे निर्वेध चालली होती, ज्याच्या सरहद्दीवर व कापूसपट्ट्यात हलक्या गाड्या रोज धावत होत्या, त्या देशाच्या सरकारने आपल्याच फौजेला काही मैल रूळ नाकारले. युद्धात काटकसर करू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु ही काटकसर कोणाच्या पोटातून होणार आहे, हे सिमल्यास बसलेल्यांनी पाहिले नाही.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे लढाई झाली व फौजेस माघार घ्यावी लागली. जखमींना नदीपर्यंत आणले ते स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या खटाऱ्यांतून. तेथून बसऱ्यापर्यंत बोटींत गुरांसारखे कोंबून. ‘मेजिदिये’ नावाची बोट बसऱ्यास लागली तेव्हा तिच्यावरील जखमींची दशा पाहून इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या मेजर कार्टरने आपल्या वरिष्ठांपाशी तक्रार केली. वरिष्ठांनी त्यालाच दटावले. माघार घेतलेली फौज कूत-अल-अमारा येथे अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला. तो फोडण्यासाठी पाठविलेल्या सैन्याची सुमारे २३ हजार माणसे मेली वा घायाळ झाली, तरी वेढा फुटला नाही. माणसे बसऱ्यास येऊन पडली होती, पण त्यांना वर नेण्यास वाहन नव्हते. कूतमध्ये धान्य संपत आले. घोडे मारून खाण्याची पाळी आली. हिंदी शिपाई ते मांस खाण्यास बरेच दिवस तयार नव्हते, आणि अंगातील शक्ती ओसरत गेली. विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली. ‘जुलनार’ ही बोट २७० टन अन्न घेऊन रात्री निघाली, ती तुर्कांनी पकडली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसांनी शस्त्रे खाली ठेवली.

यापुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कैद झालेल्या हिंदी शिपायांना तुर्कांनी वाळवंटातून पायी हाकलत नेले आणि त्यांतील पुष्कळांना रास-अल-ऐन येथे बगदाद लोहमार्गाच्या कामास जुंपले. आपल्या सरकारने ज्यांच्यासाठी रूळ टाकला नाही, त्यांना शत्रूचा रूळ टाकावा लागला. त्यांतले कित्येक घरी परतले नाहीत.

कूत पडल्यावर मात्र रूळ निघाले. पैसाही निघाला. हिंदुस्थानातून लोहमार्गाचे सामान, एंजिने, वाघिणी, फिटर, गँगमन यांची रीघ बसऱ्याकडे लागली. १९१६ सालीच शेख सादपासून आघाडीपर्यंत अडीच फुटी मार्ग झाला. कुर्ना-अमारा हाही अडीच फुटीच झाला. बसरा-नासिरिये हा मीटर रुंदीचा मार्ग त्याच वर्षअखेर पुरा झाला. ज्याला खर्च परवडत नव्हता तो मार्ग वर्षाच्या आत उभा राहिला. ११ मार्च १९१७ रोजी जनरल मॉड बगदादेत शिरला. त्याच्या विजयाची कारणे पुष्कळ सांगतात. पण मागून वेळेवर पोहोचणारी भाकरी हे त्यांतले पहिले मानले पाहिजे. मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल १९१७ च्या मध्यावर प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबर्लेन यांस पद सोडावे लागले. त्यांच्या जागी माँटेग्यू आले, आणि ऑगस्ट १९१७ ची ती प्रसिद्ध घोषणा झाली. हिंदी राजकारणाच्या या वळणावर न टाकलेल्या काही मैल रुळांची सावली पडलेली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ११७ व्या पलटणीस पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला.

दुसरे महायुद्ध आले तेव्हा सरकार जुनी चूक करणार नव्हते. ते आता दुसऱ्या टोकास गेले. विलायतेतून नवे रूळ येणे दुरापास्त, मध्यपूर्वेच्या आघाडीस रूळ तातडीने हवेत. तेव्हा देशातील कमी महत्त्वाचे फाटे निवडून ते उपटण्याचा सपाटा सुरू झाला. कमी महत्त्वाचे कोणाच्या दृष्टीने, हे सांगावयास नको. मलबारातील शोरनूर-निलांबूर फाटा १९४१ साली गेला. कांगडा खोऱ्यातील नगरोटा ते जोगिंदरनगर हा अडीच फुटी तुकडा गेला. आणि वऱ्हाडात दारव्ह्यापासून दिग्रसवरून पुसदेस जाणारा लहान मार्ग युद्धकाळात उखडला गेला.

हलका रूळ टाकावयास सोपा, तसाच काढावयासही सोपा. पुसदेचा शेतकरी तो टाकताना आनंदला असेल. काढताना त्याला कोणी विचारले नाही. बैलगाडी पुन्हा जुनी वाट चालू लागली. दारव्ह्यापर्यंतचे सर्व अंतर आता पुन्हा चाकांना व बैलांच्या खुरांना मोजावे लागणार होते. मुख्य यवतमाळ मार्ग वाचला, आणि त्यामुळे कारंजे व कामरगाव ही बाजू या आपत्तीतून सुटली. यात कोणाचे शहाणपण होते असे नव्हे; यादीत तेवढे नाव आले नाही, इतकेच.

स्वातंत्र्यानंतर निलांबूरचा फाटा पुन्हा घातला गेला. जोगिंदरनगरचे रूळ १९५४ साली पुन्हा पडले. बार्शी लाइट रेल्वे त्याच वर्षीच्या १ जानेवारीस सरकारने विकत घेतली. पुढे तिचे सर्व मार्ग रुंद झाले व लातूर, पंढरपूर, मिरज ही मोठ्या गाडीची स्टेशने बनली. पुसदेचे रूळ परतले नाहीत. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गाची मालकी तर स्वातंत्र्यानंतरही त्याच कंपनीकडे राहिली. गाडी सरकारने चालवावयाची आणि कंपनीशी करार वेळोवेळी वाढवावयाचा, असा चमत्कारिक व्यवहार होता. १९२१ साली मँचेस्टरात बांधलेले वाफेचे एंजिन या मार्गावर सत्तर वर्षे ओढत राहिले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याला विश्रांती मिळाली व डिझेल एंजिन आले. पुढे मार्ग जीर्ण होत गेला आणि गाडीही बंद पडली. धाकटी बहीण जेथून निघे, त्या पुलगावी सैन्याचे मध्यवर्ती दारूगोळा कोठार आहे. तेथील वाघिणी साडेपाच फुटी रुळांवरून जातात.

वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद मार्गाची आखणी झाली, तीत दारव्हे, दिग्रस व पुसद ही तिन्ही गावे पुन्हा आली आहेत. या मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वाहतुकीस खुला झाला.